वकीलपत्रावरचं दुसरं नाव

नवी मुंबईतल्या उलव्यात वकिली करणाऱ्याला विषय शोधत जावं लागत नाही. इथल्या जवळजवळ प्रत्येक सोसायटीखाली कुणाचं तरी शेत, खाजण नाहीतर मिठागर आहे आणि त्या जमिनीच्या कागदांत कुणाची तरी बहीण राहून गेलेली आहे. १९७० साली सिडको हे सरकारी महामंडळ आलं, ठाणे, पनवेल आणि उरण या पट्ट्यातल्या पंचाण्णव गावांच्या जमिनी नव्या शहरासाठी घेतल्या गेल्या. गव्हाण, वहाळ, मोरावे ही गावं अजून टॉवरांच्या मधोमध आहेत. मूळ उलवे गाव मात्र विमानतळासाठी उठलं, डोंगर फोडून सपाट केला गेला आणि डिसेंबर २०२५ पासून तिथून विमानं उडायला लागली.

जमिनीच्या बदल्यात साडेबारा टक्के विकसित भूखंड मिळावा म्हणून इथल्या माणसांनी लढा दिला. जानेवारी १९८४ मध्ये जासई परिसरात गोळीबार झाला, पाच जण गेले. त्या लढ्याचे पुढारी दि. बा. पाटील स्वतः वकील होते, हे मी नव्या ज्युनियरला आवर्जून सांगते. साडेबारातून सामाजिक सुविधांचा भाग कापून प्रत्यक्ष हातात पावणेनऊ टक्केच येतात, हेही सांगते, कारण अशिलाला ते ठाऊक असतं आणि ज्युनियरला नसलं तर पहिल्या पाच मिनिटांतच तिची किंमत ठरते. मूळ खातेदार गेलेला असला की सिडको कोर्टाचा वारस दाखला मागते. तो दाखला १८२७ सालच्या मुंबई रेग्युलेशन आठखाली मिळतो. दोनशे वर्षांच्या घरात आलेल्या त्या कायद्यावर पनवेलच्या दिवाणी कोर्टात आजही कित्येक वकिलांची चूल पेटते, माझीही.

मी मूळची कराडची. लग्न करून पनवेलला आले, तिथंच वकिली सुरू केली आणि उलव्यात चार-दोन इमारती उभ्या होत्या तेव्हा इथे राहायला आले. पुढे सेक्टरातल्या एका गाळ्यात ऑफिस थाटलं. खालच्या बाजूला झेरॉक्सवाला, वर क्लासेस. खारकोपरपर्यंत लोकल आली नोव्हेंबर २०१८ मध्ये, त्याआधी पनवेलला जायचं म्हणजे गव्हाण फाट्याला उभं राहून मिळेल ते वाहन धरायचं. अशा जागी ज्युनियर म्हणून मुलगेही यायला तयार नसत. म्हणून मी मुली घेतल्या, असं प्रामाणिकपणे सांगायला हवं. त्यात कुठलंही व्रत नव्हतं. इथल्या नव्या वस्तीत नवऱ्याच्या बदलीमुळे आलेल्या, सनद कपाटात ठेवून बसलेल्या बायका होत्या आणि आजूबाजूच्या गावांत नवीन पनवेलच्या लॉ कॉलेजातून बाहेर पडलेल्या आगरी-कोळी घरांतल्या पोरी होत्या. दोघींनाही घराजवळ काम हवं होतं आणि मला माणसं हवी होती.

ज्युनियरला काय द्यायचं, यावर बारच्या कार्यक्रमांत खूप बोललं जातं. ८ मार्चला तर गुलाबाचं फूलही मिळतं. मला विचाराल तर दोनच गोष्टी द्यायच्या असतात, पैसे आणि नाव.

पैशांचं आधी उरकते. मी ज्युनियर होते तेव्हा एका ऑफिसात वर्षभर काढलं, तिथे 'शिकायला मिळतंय ना' हाच पगार होता. दिवाळीला मिठाईचा पुडा मिळाला, त्यावर दुसऱ्याच अशिलाचं नाव होतं. ज्युनियरच्या बसभाड्याचं काय, दुपारच्या जेवणाचं काय, हे कुणी विचारत नसे, आणि मुलगी असली की 'घरचं भागतंय ना?' असं गृहीतच धरलेलं असे. ऑक्टोबर २०२४ मध्ये बार कौन्सिल ऑफ इंडियानं परिपत्रक काढलं की शहरात ज्युनियरला दरमहा किमान वीस हजार आणि ग्रामीण भागात पंधरा हजार विद्यावेतन द्यावं. शिफारस आहे, सक्ती नाही. तालुका कोर्टात वकिली करणारे कित्येक सिनियर स्वतःच महिन्याला तेवढे सुखानं कमावत नाहीत, हेही खरं आहे. मी किती देते ते इथे लिहीत नाही. पण एक तारीख ठरवली आहे आणि त्या तारखेला पैसे जातात, अशिलानं फी दिलेली असो वा नसो. मुलीच्या बाबतीत या तारखेला फार किंमत असते. महिन्याच्या महिन्याला खात्यात काहीतरी जमा होतं हे दिसलं की घरची भाषा बदलते. 'जाते कोर्टात हौसेनं' याचं 'तिची नोकरी आहे' होतं. वकिली ही नोकरी नव्हे, पण ते घरच्यांना नंतर समजावता येतं.

एक जमेची बाजू मात्र झाली. पूर्वी सनद घ्यायलाच राज्याराज्यांत हजारो रुपये लागत. ३० जुलै २०२४ ला सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की कायद्यात लिहिलेत तेवढेच घ्या, साडेसातशे, आणि अनुसूचित जाती-जमातींसाठी सव्वाशे. मोरावे-वहाळकडच्या एखाद्या घरात पहिल्यांदाच कुणी वकील होत असतं, तेव्हा हा फरक मोठा असतो. एका मुलीच्या आईनं वाचलेल्या पैशांतून तिला काळा कोट शिवून घेतला, चांगला पनवेलच्या शिंप्याकडून. तयार कोट बाह्यांत नेहमी लांब येतो, मुलींना तर फारच.

आता नावाकडे येते, कारण खरी गंमत तिथे आहे.

वकीलपत्र म्हणजे अशिलानं वकिलाला दिलेला अधिकार. त्यावर ज्याची सही, तोच त्या दाव्यातला अधिकृत वकील. बहुतेक ऑफिसांत वकीलपत्रावर सिनियरचं एकट्याचं नाव असतं. ज्युनियर दावा लिहिते, निशाणी पाचचा, म्हणजे तात्पुरत्या मनाईचा, अर्ज तयार करते, यादीप्रमाणे कागद लावते, नाझरकडे प्रोसेस भरते, बेलिफाच्या मागे फिरते आणि तारखेला उभी राहून सांगते, 'साहेब दुसऱ्या कोर्टात आहेत, मुदत मिळावी.' तिच्या वाट्याला येणारं एकमेव वाक्य हेच. वर्षानुवर्षं. मुलगा असला तर दोन-तीन वर्षांनी तो कंटाळतो, भांडतो, स्वतःचे अशील धरतो. पानटपरीवर, क्रिकेटच्या सामन्यात, गावच्या जत्रेत त्याला अशील भेटतो. मुलीला तसा अशील भेटत नाही. कोर्टाच्या रोजनाम्यात तिचं नाव नाही, ई-कोर्ट्सच्या संकेतस्थळावर केस उघडली तर तिथेही नाही. दहा वर्षं झिजूनही तिनं वकिली केली याचा कागदोपत्री पुरावा शून्य.

म्हणून आमच्या ऑफिसात वकीलपत्रावर पहिल्या दिवसापासून दोन नावं असतात. अशिलाला ते आवडतंच असं नाही. एका बिल्डरच्या माणसानं तोंडावर विचारलं होतं, 'फी तुमची, मग ही मुलगी कशाला?' मी म्हटलं, 'मला ताप आला तर तुमची केस कोण चालवणार?' त्यावर तो गप्प बसला. हे उत्तर मी अजूनही वापरते. स्त्री-पुरुष समानतेवर व्याख्यान देण्यापेक्षा अशिलाला त्याचा फायदा दाखवावा, कोर्टाच्या आवारात काम लवकर होतं.

मिठान लाम यांची एक गोष्ट मला फार आवडते. बायकांना वकिलीची दारं उघडणारा कायदा आला १९२३ साली आणि पुढच्याच वर्षी त्या मुंबई उच्च न्यायालयात वकिली करणाऱ्या पहिल्या महिला बॅरिस्टर झाल्या. जन्म विदर्भातला, पारशी घर. त्यांना पहिलं काम कसं मिळालं, तर म्हणे अशिलाची बाजू इतकी भक्कम होती की जिंकणारच होता. त्याला वाटलं, विरोधी माणूस एका बाईकडून हरला तर त्याचं आणखी नाक कापलं जाईल. म्हणजे पहिलं ब्रीफ मिळालं ते अपमानाचं हत्यार म्हणून! त्यांच्याही आधी नाशिकला जन्मलेल्या कॉर्नेलिया सोराबजी पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकून ऑक्सफर्डला गेल्या, १८९२ मध्ये कायद्याची परीक्षा दिली आणि इथे परत आल्यावर सनदेसाठी जवळजवळ तीस वर्षं थांबल्या. शंभर वर्षांपूर्वी नाव पटावर येत नव्हतं, आज पटावर येतं पण वकीलपत्रावर येत नाही. पटावरचं काम कायद्यानं झालं. वकीलपत्रावरचं काम प्रत्येक ऑफिसात एकेका सिनियरनं पेन उचलून करायचं आहे, आणि त्यासाठी कुठलीही दुरुस्ती विधेयकं लागत नाहीत.

माझ्याकडे जवळच्याच गावातली एक आगरी मुलगी ज्युनियर होती. बुद्धी तल्लख, मराठी मसुदा माझ्याहून चांगला. एप्रिल-मे महिन्यांत मात्र तिच्या हजेरीचा भरवसा नसे. आगऱ्यांची हळद म्हणजे रात्रभराचा कार्यक्रम, आणि नात्यातली हळद चुकवणं म्हणजे नातंच तोडणं. मी तिला उन्हाळ्यात सकाळच्या तारखा देणं बंद केलं. तेवढी सवलत मी कुणालाही देईन.

तिच्यामुळेच एक म्हातारी आमच्याकडे आली. गावातली पोर वकील झालीय, एवढ्या एका कारणावर. साठी ओलांडलेली, हातात प्लॅस्टिकच्या पिशवीत कागद. वडिलांची जमीन सिडकोत गेली, वडील वारले, भावांनी बहिणींकडून हक्कसोडपत्र करून घेतलं. नंतर भूखंड मिळाला, तो भावांनी बिल्डरला दिला, इमारत उभी राहिली, भावांना फ्लॅट मिळाले. बहिणीला एक साडी मिळाली. हक्कसोडपत्राला मुद्रांक तेव्हा दोनशे रुपयांचा लागायचा. त्या दोनशे रुपयांच्या कागदावर या पट्ट्यात किती बायकांचं किती गेलं, याचा हिशेब कुणी मांडलेला नाही.

कायदा या बाईच्या बाजूला हळूहळू सरकत आला होता. महाराष्ट्रानं १९९४ मध्ये मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत मुलाइतका हक्क दिला, पण त्याआधी लग्न झालेल्या मुली त्यातून वगळल्या. ही बाई त्यातच मोडत होती. २००५ च्या केंद्रीय दुरुस्तीनं ती अट गेली. मग वडील २००५ मध्ये हयात हवेत की नकोत यावर पंधरा वर्षं घोळ चालला आणि ११ ऑगस्ट २०२० ला विनीता शर्मा निकालात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, नकोत. पण हक्कसोडपत्रावर अंगठा आहे म्हटल्यावर हे सगळं कितीही खरं असलं तरी दावा लंगडाच. ती स्वतःही म्हणत होती, 'बाय, भावांशी भांडून मना काय भेटनार?' तरी पिशवी घेऊन आली होती.

त्या पिशवीतले कागद ज्युनियरनं रात्री बसून तारखेप्रमाणे लावले. सकाळी माझ्या टेबलावर दोन कागद शेजारी-शेजारी ठेवले होते. एक हक्कसोडपत्र, दुसरं सिडकोच्या इरादापत्राची प्रत, जी म्हाताऱ्या आईच्या ट्रंकेत सापडली होती. इरादापत्राची तारीख आधीची. म्हणजे भूखंड मिळणार हे भावाला ठाऊक झाल्यावर त्यानं बहिणीला रजिस्ट्रार ऑफिसात नेलं होतं, आणि दस्तात भूखंडाचा शब्द नव्हता. फक्त जुन्या घराचा आणि एका सर्व्हे नंबरचा उल्लेख होता.

दावा पनवेलला दाखल केला. भावाची उलटतपासणी ज्युनियरनंच घ्यायची, असं मी ठरवलं. समोरचे वकील ज्येष्ठ, आवाज मोठा, तिला 'बेटा' म्हणणारे. ती आदल्या दिवशी मला म्हणाली, 'मॅडम, तुम्ही शेजारी बसा.' मी बसले, पण मागच्या बाकावर, तिच्या पाठीशी. शेजारी बसले असते तर न्यायाधीशांनी माझ्याकडे पाहिलं असतं.

मराठी जबाबाची एक ठरलेली चाल असते. वकील प्रश्न विचारतो, साक्षीदार उत्तर देतो आणि लघुलेखक टाइप करतो, 'हे म्हणणे खरे आहे की' किंवा 'हे म्हणणे खोटे आहे की'. तिनं साधे प्रश्न घेतले. बहिणीला लिहितावाचता येतं का? नाही. रजिस्ट्रार ऑफिसला कुणी नेलं? मी. दस्त कुणी वाचून दाखवला? एजंटानं. एजंटाचे पैसे कुणी दिले? मी. मग तिनं इरादापत्र दाखवलं. ही सही तुमची? साक्षीदारानं वकिलाकडे पाहिलं. समोरचे वकील उठले, हरकत घेतली, प्रत मूळ नाही म्हणाले. ती थांबली, खाली पाहिलं, आणि 'सर, मूळ कागद सिडकोकडून मागवण्याचा अर्ज निशाणीवर आहे, मंजूर झालाय, हा त्याचाच जबाब' असं म्हणून निशाणीचा नंबर सांगितला. बेटा वगैरे तिथेच संपलं. टाइप झालं: 'हे म्हणणे खरे आहे की, हक्कसोडपत्र करण्यापूर्वी मला सिडकोचे इरादापत्र मिळाले होते.'

एवढंच वाक्य. पण अशा एका वाक्यासाठी माणूस वकिली करतो. पुढे लोकअदालतीत तडजोड झाली, बहिणीला रक्कम मिळाली. तिच्या हिश्श्याच्या मानानं कमी, तिच्या अपेक्षेच्या मानानं खूप.

यात सांगायची गोष्ट वेगळीच आहे. दावा चालू असताना गावात बोभाटा झाला. 'तुमची पोर भावा-बहिणीत लावालावी करते,' असं माझ्या ज्युनियरच्या वडिलांना नाक्यावर ऐकवलं गेलं. त्यांच्याच घरात त्यांच्या बहिणीनं, म्हणजे मुलीच्या आत्यानं, तसंच हक्कसोडपत्र करून दिलेलं होतं. वडील माझ्याकडे आले, चहा घेतला, बराच वेळ पावसापाण्याचं बोलले आणि शेवटी म्हणाले, 'मॅडम, या एका केसमधून तिचं नाव काढता येईल का?' माणूस वाईट नव्हता. त्यांचं रोजचं उठणंबसणं त्या गावात होतं, माझं नव्हतं. मी म्हटलं, 'नाव तिचं आहे. ती म्हणाली तर काढते.' ती म्हणाली नाही. घरी काय झालं ते तिनं सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. आज तिचं नेरुळला स्वतःचं ऑफिस आहे आणि अधूनमधून ती माझ्या विरुद्ध बाजूला उभी असते. मी मुदत मागितली की हरकत घेते.

बाकी गोष्टी छोट्या आहेत, पण त्यांच्यावरच मुली टिकतात किंवा सुटतात. संध्याकाळी सातनंतर कुठलाही अशील ज्युनियरला एकटीला भेटणार नाही. पोलीस ठाण्यात रात्री जायचं तर दोघींनी जायचं आणि गाडीभाडं ऑफिसचं. अशिलाला ज्युनियरचा खासगी मोबाइल नंबर द्यायचा नाही, ऑफिसचा वेगळा फोन आहे. घटस्फोटाच्या केसमधले नवरे रात्री अकराला 'गुड नाइट मॅडम' पाठवतात, ते त्या फोनवर पाठवू देत. स्वच्छतागृहांचं तर काय सांगावं! जानेवारी २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला सगळ्या कोर्टांच्या आवारात बायकांसाठी वेगळी, स्वच्छ स्वच्छतागृहं असावीत असा आदेश काढावा लागला. दुपारी दोनपर्यंत पाणी न पिणाऱ्या वकील बायकांची एक अख्खी पिढी माझ्या ओळखीची आहे. त्यांच्या मूत्रमार्गाच्या तक्रारींची नोंद कुठल्याच रोजनाम्यात नाही.

आणि सिनियरच त्रास देणारा निघाला तर? इथे कायद्यातच भोक आहे. जुलै २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं सांगितलं की बार कौन्सिल वकिलांची मालक नाही, तेव्हा कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाच्या २०१३ च्या कायद्यातली अंतर्गत समिती वकिलांच्या परस्परांविरुद्धच्या तक्रारींना लागू होत नाही. गैरवर्तनाची तक्रार अ‍ॅडव्होकेट्स अ‍ॅक्टच्या कलम ३५ खाली करावी. कायद्याचा अर्थ म्हणून ते बरोबर असेलही. पण कलम ३५ ची चौकशी म्हणजे वकिलांनीच वकिलाची करायची, आणि सनद मिळून सहा महिने झालेली मुलगी ती करायला जाईल, असं मानणाऱ्यानं कधी बाररूममध्ये दुपार काढलेली नाही. कामाच्या ठिकाणच्या छळावरच्या विशाखा निकालाच्या खंडपीठावर न्यायमूर्ती सुजाता मनोहर होत्या, याच मुंबई उच्च न्यायालयाच्या पहिल्या महिला न्यायाधीश. तो निकाल १९९७ चा. वकिलांच्या चेंबरच्या दारापर्यंत तो अजून पोचलेला नाही. तोवर मी मुलींना एवढंच सांगते की सिनियर निवडताना त्याच्या ऑफिसातून आधी कोण सोडून गेलं आणि का, हे विचारून घ्या. बाहेर पडलेली ज्युनियर खरं सांगते.

बाळंतपणाचं तसंच. बाळंतपणाच्या रजेचा कायदा नोकरदार बाईसाठी आहे, वकील बाईला मालकच नाही. आमच्या सेक्टरातली एक जण बाळ सात-आठ महिन्यांचं असताना परत आली. तिला मी कोर्टात पाठवलंच नाही. रेराच्या तक्रारी, वारस दाखल्याचे अर्ज, ऑनलाइन दाखल करण्याचं काम, लेखी युक्तिवाद, हे सगळं घरून. पण तिचं नाव वकीलपत्रावरून हलवलं नाही, आणि विधी सेवा समितीच्या पॅनलवर अर्ज करायला लावला. विधी सेवा कायद्यात बाईला उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो, त्या बायका वकील बाईच मागतात. पैसे थोडे, पण अशील स्वतःचा. दीड वर्षानं ती उभी राहून बोलू लागली तेव्हा तिच्याकडे स्वतःच्या केसेस होत्या, उसन्या नव्हत्या.

डिसेंबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं राज्यांच्या बार कौन्सिलांत महिलांना तीस टक्के प्रतिनिधित्व द्यायला सांगितलं. चांगलंच झालं. मला फक्त भीती आहे ती आपल्या ग्रामपंचायतींच्या अनुभवाची, बाई निवडून येते आणि सह्या दुसरंच कुणी ठरवतं. तालुक्याच्या बारमध्ये स्वतः केस चालवणाऱ्या बायका जितक्या वाढतील, तितकी ती भीती कमी.

सध्या माझ्यापुढे वेगळाच पेच आहे. २० मे २०२५ ला सर्वोच्च न्यायालयानं ठरवलं की कनिष्ठ स्तर दिवाणी न्यायाधीशाच्या परीक्षेला बसायचं तर तीन वर्षं वकिली हवी. त्याआधी महाराष्ट्रात चांगल्या गुणांनी पास झालेल्या ताज्या पदवीधरांनाही बसता येत होतं. या परीक्षेची, म्हणजे जेएमएफसीची, तयारी करणाऱ्या मुली क्लासेसवर कर्ज काढून बसलेल्या, त्या एकदम अडकल्या. मला स्वतःला निर्णय पटतो. रोजनामा कसा लिहिला जातो, म्हातारी साक्षीदार का गोंधळते, हे पाहिल्याशिवाय डायसवर बसू नये. पण तीन वर्षं म्हणजे मुलीची तेविसावी ते सव्विसावी, बिनपगारी किंवा अर्धपगारी, आणि घरात स्थळं येत असतात. मुलगा असला तर तीन वर्षं गुंतवणूक म्हणतात, मुलगी असली तर वाया गेली म्हणतात. घरी पैसे पाठवावे लागणाऱ्या मुलीला हा नियम सगळ्यात जड जाणार, यात मला शंका नाही.

या तीन वर्षांचा दाखला किमान दहा वर्षं वकिली केलेल्या वकिलानं द्यायचा आणि न्यायाधीशांनी त्यावर शेरा मारायचा. त्यामुळे माझ्या सहीला अचानक भाव आला आहे. गेल्या पावसाळ्यात आमच्याच सोसायटीतली एक मुलगी आईला घेऊन आली. सनद घेऊन तिला अडीच वर्षं झाली होती, त्यातला बहुतेक काळ अभ्यासिकेत गेलेला. आई म्हणाली, 'ताई, तुम्ही मुलींना एवढी मदत करता. तुमच्या ऑफिसात होती असं लिहून द्या, सहा महिन्यांनी तीन वर्षं पुरी होतात.' मुलगी मान खाली घालून बसली होती. हुशार आहे, न्यायाधीश झाली तर चांगली होईल असं मला वाटतं. तरीही मी नाही म्हटलं. आई दुखावली, लिफ्टमध्ये भेटली तर हल्ली मोबाइलमध्ये बघते.

मुलगी मात्र पुढच्या सोमवारी ऑफिसात आली. मी तिला एका वारस दाखल्याच्या अर्जात वकीलपत्रावर सही करायला लावली, वर्तमानपत्रातल्या नोटिशीचा मजकूर तिच्याकडून लिहून घेतला आणि पनवेलला पाठवलं. त्या दिवसापासूनची तीन वर्षं मी मोजणार आहे. तिला ते मान्य नाही. तिच्या मते सनदेच्या तारखेपासून मोजायला हवीत आणि निकालातही मोजणी तात्पुरत्या सनदेपासूनच सांगितली आहे. मी म्हणते, सनदेपासून मोज, पण ज्या दिवसांत एकाही रोजनाम्यात नाव नाही, त्यांना वकिली म्हणून सही करणार कोण? यावर आमचा वाद चालू आहे आणि ती युक्तिवाद चांगला करते. परवा तिनं निकालाची प्रत छापून आणली, परिच्छेदाखाली पेन्सिलीनं रेघ मारून. मी वाचायला घेतली आहे.